दुसऱ्या माणसाची सही

ब्रेकचं काम एकट्यानं करायचं नसते. हे मले रेल्वेच्या छत्तीस वर्षांनी शिकवलं. मालगाडी सुटायच्या आधी इंजिनाकडून ड्रायव्हर ब्रेकच्या नळीत हवा भरते, शेवटच्या डब्यात गार्ड हवेच्या दाबाचा काटा पाहते, आणि कागदावर साऱ्यांच्या सह्या झाल्या की मग गाडी हालते. एक सही कमी असली तर साहेबाचा साहेब आला तरी मी गाडी सोडली नाही. शिव्या खाल्ल्या, पण सोडली नाही.

आणि आता रिटायर होऊन, समता कॉलोनीत, स्वतःच्या पोर्चमध्ये मीच एकटा कारच्या चाकापाशी बसलेलो. काय बाप्पा!

झालं असं, की कारमध्ये एबीएसचा पिवळा दिवा लागला. जोरात ब्रेक मारला तर चाकं जाम होऊन गाडी घसरू नये, म्हणून इंजिनापाशी एक डबा असते, तो गेला. हे मी फोनवर पोराजवळ बोलून बसलो. तोंडाले कुलूप लावता येत नाही ना मले! पराग हैदराबादले असते. तो म्हणे, "बाबा, बस झालं आता. गाडी विका, घर बंद करा. मी रविवारी येऊन राहिलो, परतीची दोन तिकिटं काढली आहेत."

"दोन काहून?" मी विचारलं.

"एक तुमचं."

असा भडकलो मी! मी काय लगेज आहो, की उचललं आणि डब्यात टाकलं? म्हटलं, ये तू रविवारी. दिवा विझलेला दाखवतो, मग बोल.

मेकॅनिक म्हणे, पार्ट यायले पंधरा दिवस लागतील. मी भनपुरीले गेलो, जुन्या गाड्या खोलणाऱ्यापाशी. तिथं नंबराले नंबर जुळवून तसाच डबा काढून आणला. शुक्रवारी सकाळी बॅटरीची तार सोडली, सहा नळ्यांवर खडूनं आकडे टाकले, खाली परात ठेवली, कारण ब्रेकचं तेल रंग खाते. दुपारपर्यंत आणलेला डबा बसला. तिथवर सारं बरोबर होतं.

पण नळ्या खोलल्या की त्यात हवा शिरते, आणि हवा असली की पेडल लोण्यासारखं दबते, ब्रेक लागत नाही. ती काढायची तर एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचा छोटा स्क्रू सोडायचा, बुडबुडे निघाले की बंद करायचा. अशी चार चाकं, दहा दहा वेळा.

माझी बायको मंदाकिनी होती तोवर ती आत बसायची. मांडीवर मटाराचं ताट, पाय पेडलवर. मी ओरडायचो "दाब", ती म्हणायची "दाबलं". "धर!" "धरलं." मधेच म्हणायची, "अजून किती वेळ जी? कुकर लावला आहे मी." तिले जाऊन तीन वर्षं झाली. शुक्रवारी मागच्या चाकाशी पाना लावला आणि सवयीनं मोठ्यानं ओरडलो, "दाब!" आणि वाटही पाहिली. खोटं काहून बोलू, चांगली मिनिटभर पाहिली. मग रडू आलं. पाना फेकला आणि घरात गेलो.

समोरच्या घरात वरच्या माळ्यावर सोनिया राहते, नर्स आहे, येताजाता "नमस्ते अंकल" म्हणते. शनिवारी सकाळी ती स्कूटी काढत होती. मी फाटकापर्यंत गेलो. "कुछ काम था, अंकल?" ती थांबून म्हणे. तोंडात आलेलं मी गिळलं. "कुछ नहीं, कुछ नहीं, जा तू, ड्यूटीले उशीर होईल." ती गेली. मी स्वतःले दोन शिव्या घातल्या आणि अंगणातली दांडकी उचलली.

सीट आणि पेडलच्या मधात दांडकी अडकवली. स्क्रू सोडला की पेडल खाली जाये आणि दांडकी पडे, हवा परत आत. तीनदा असंच. मग पलंगावरची दुसरी उशी आणली. त्या उशीले तसंही काही काम नव्हतं. सीटले टेकून उशी, मग दांडकी, मग पेडल. उशी दबलेली राहे आणि पेडल खाली गेलं तरी दांडकीले रेटत राहे. जमलं! आत जा, दाब, दांडकी लाव, बाहेर ये, बस, स्क्रू सोड, बंद कर, ऊठ. गुडघ्यांनी माझ्या खानदानाचा उद्धार केला. अंधार पडायच्या आत चारही चाकं झाली. बॅटरीची तार जोडली, किल्ली फिरवली, दिवा लागला आणि विझला. रिकाम्या रस्त्यावर नेऊन ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी.

रविवारी पराग आला. गाडी फिरवून आणली, खाली वाकून पाहिलं. त्यानं विचारलं, "बाबा, पेडल कोणी दाबलं?"

इथं मी चुकलो. ब्रेकची तपासणी एकट्यानं केली, हे छत्तीस वर्षं दुसऱ्याले रागावणारा माणूस कोणत्या तोंडानं सांगेल? मले लाज वाटली. मी म्हटलं, "समोरची सोनिया आली होती ना. दोन्ही दिवस. पाऱ्यातलं, मोहल्ल्यातलं कोणी ना कोणी येऊनच राहते रे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचा ताण उतरला, मी पाहिला उतरताना. म्हणे, "मले वाटलं तुम्ही एकदम अकेले पडले. इतकी माणसं आहेत, तर काहून नेऊ तुम्हाले जबरदस्ती?" फोन काढला आणि दुसरं तिकीट रद्द केलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

मी रात्रभर जवाब तयार करून ठेवले होते. तो म्हणेल चला, मी म्हणेन नाही, तो हट्ट करेल, मी ओरडेन. एकदा तरी म्हणायचं होतं रे पोट्ट्या, चला म्हणून! मी नाहीच म्हटलं असतं. कदाचित.

संध्याकाळी त्याले एअरपोर्टले सोडून आलो. कुलूप उघडत होतो तर त्याचा मेसेज आला: "बाबा, सोनियादीदीचा नंबर पाठवा. थँक्स म्हणतो. इमर्जन्सीले माझ्यापाशी पण असू द्या."

नंबर माझ्यापाशी नव्हता. दोन वर्षांपासून ती समोर राहते, आणि नंबर काय, ती कोण्या गावची तेही मले ठाऊक नाही.

मी समोरचा जिना चढलो. दार बंद होतं, ती ड्यूटीवरून आली नव्हती. म्हणून पायरीवर बसलो. तिले म्हणायचं होतं, बाई, माझ्या पोराचा फोन येईल, त्याले सांग की पेडल तू दाबलं होतं. पण त्याच्या आधी तिले माझं नाव सांगावं लागणार होतं.