निळ्या पट्टीची चकती

मास्तरांनी शाळेत कधी कुणाला शिकवलं नव्हतं. पत्र्याच्या त्या लांबट शेडमध्ये सव्वीस वर्षं त्यांनी गेटं, ग्रिल आणि टाक्यांचे स्टँड बनवले होते. मास्तर हे नाव पडलं ते त्यांच्या जिभेमुळे. शेजारचा लेथवाला गॉगल वर सरकवून उभा दिसला तरी ते हटकायचे, "डोळे कपाळाला आहेत का तुझे? खाली घे तो."

"दादाच्या मशीनपेक्षा त्याचं तोंड जास्त फिरतं," असं त्यांचा धाकटा भाऊ गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, आणि मास्तर सोडून सगळे हसायचे. पण ऐकायचाही तोच. शेडमध्ये त्याच्या अंगावर कधी सैल बाही दिसली नाही. दादानं घालून दिलेली रीत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मागच्या उन्हाळ्यात लोखंड कापायचं सात इंची चकतीचं मोठं ग्रायंडर जळालं आणि दुरुस्तीला गेलं. त्याच आठवड्यात एक जाड पाईप कापायचा निघाला. उरलेल्या पाच इंची मशीनची चकती एका बाजूनं पार पोचेना. पाईप फिरवून चारी बाजूंनी कापणं हा सरळ मार्ग होता. पण पाईप जड, उकाडा मरणाचा, आणि काप दोनच. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, लहान मशीनचं चकतीभोवतीचं लोखंडी गार्ड पान्यानं ढिलं करून काढलं आणि त्यावर मोठ्या मशीनची सात इंची चकती बसवली. हेच दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यांनी त्याची सात पिढ्यांसकट खरडपट्टी काढली असती.

पहिला काप नीट झाला. तेवढ्यात दारावर एक गिऱ्हाईक माप विचारायला आलं. मास्तर मशीन टेबलावर ठेवून बाहेर गेले. दादाचं अर्धं काम हलकं करावं म्हणून धाकट्यानं ते उचललं. पाठीमागे मशीन सुरू झाल्याचं मास्तरांनी ऐकलं. गिऱ्हाइकाला 'एक मिनिट' म्हणायला त्यांनी हात वर केला, आणि तो हात वरच राहिला. दोन लोखंडी घोड्यांवर टेकवलेला पाईप मधेच वाकला होता. कापाच्या फटीत चकती आवळली गेली आणि फुटली. एक तुकडा धाकट्याच्या मानेत घुसला. दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दुपारी शटर ओढायला म्हणून मास्तर एकटेच शेडमध्ये परत आले. काही ठरवून आले नव्हते. त्यांच्या हातांनी मशीनवरचा उरलेला चकतीचा गाभा काढला, गार्ड चढवलं, पाच इंची चकती बसवली. अपघाताच्या चौकशीला आलेल्या माणसानं मशीन पाहिलं आणि लिहून घेतलं. लेथवाला म्हणाला, "हल्ली चकत्याच तकलादू येतात." मास्तरांनी मान हलवली. पुढे लोक तेच बोलत राहिले, आणि मास्तर तीच मान हलवत राहिले.

त्यानंतर त्यांची जीभ बसली. लेथवाल्याचा गॉगल दिवसभर कपाळावर राही आणि कुणी काही म्हणत नसे. एकाच ताटात जेवून वाढलेल्या भावाचं ताट आता कुणी मांडत नव्हतं. आई मात्र मोठ्या मुलाला जास्तच जपायला लागली होती. "तू तरी खा पोटभर," असं म्हणून ती वाढायची आणि मास्तर खाली मान घालून जेवायचे.

सात महिन्यांनी धाकट्याची बायको, मास्तरांची भावजय, शेडच्या दारात उभी राहिली. ती ज्या कारखान्यात खोकी भरायची तो बंद पडला होता.

"दादा, मला हे काम शिकवा."

"हे तुझं काम नाही. हात सोलवटतील."

"सोलवटू देत. शेड अर्धी त्याची होती. तुम्ही एकट्यानं किती ओढणार?"

मास्तरांनी आठ दिवस टोलवलं. शेवटी तिनं विचारलं, "मी बाई म्हणून नको, की मला पाहून तो आठवतो म्हणून नको?" दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी जाड कापडाचा पूर्ण बाह्यांचा सदरा आणला.

शिकवताना मास्तरांची जीभ परत चालू झाली, पण तिच्यातली गंमत गेली होती. ओढणी घरी ठेवायची. केस टोपीखाली. गॉगल, त्यावर तोंडभर काच. चकती बदलताना आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मशीन दोन्ही हातांनी धरायचं. चकतीच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला व्हायचं. नवी चकती आधी मिनिटभर मोकळी फिरवून बघायची. बटण सोडलं तरी ती फिरत असते, थांबल्याशिवाय खाली ठेवायची नाही.

"आणि दाबायचं नाही," ते म्हणाले. "लोखंड आपणहून कापलं जातं. जोर लावणारा फसतो."

ती हुशार होती. तिसऱ्या आठवड्यात तिचे काप मास्तरांइतके सरळ यायला लागले. एकदा तिनं विचारलं, "चकतीवर हा आकडा कसला?"

"मिनिटाला किती फेऱ्यांपर्यंत टिकेल त्याचा. मशीनचा आकडा त्याच्यापेक्षा कमी हवा."

तिनं मशीनवरचा आकडा वाचला, चकतीवरचा वाचला, आणि समाधानानं मान डोलावली. "मशीन अकरा हजार, चकती बारा हजार. म्हणजे बरोबर."

त्याच दुपारी ती फळी आवरत होती. मागच्या कोपऱ्यातून तिनं एक फोडलेलं पाकीट काढलं. मास्तर लोखंडी अँगलवर खडूनं खुणा करत होते. तिनं त्यातली चकती उजेडाला धरली.

"दादा, ही मोठी चकती. हिच्यावर साडेआठ हजार लिहिलंय."

"मोठ्या मशीनची आहे. ते मशीन हळू फिरतं."

"हिची पट्टी निळी आहे. आपल्या लहान चकत्यांची लाल असते."

मास्तरांच्या हातातला खडू तिथंच थांबला.

"दवाखान्यातून त्याचे कपडे दिले होते मला," ती सावकाश म्हणाली. "शर्टाच्या खिशात चकतीचा एक तुकडा अडकला होता. टाकवला नाही, म्हणून ठेवलाय. त्याच्यावर निळी पट्टी आहे. मोठं मशीन तेव्हा दुरुस्तीला होतं. जेवताना तोच सांगत होता."

खोटं बोलायला जागा होती. आधीच्या पाकिटातली असेल, लहान मशीनला कधी निळीही येते, असं काहीही चाललं असतं. मास्तर स्टुलावर बसले.

"ती मी बसवली होती," ते म्हणाले. "गार्डही मी काढलं. दोन काप होते म्हणून. नंतर सगळं होतं तसं करून ठेवलं."

तिनं हातमोजे काढले. आधी एक, मग दुसरा. टेबलावर ठेवले.

"त्यानं तुम्हाला विचारून उचललं होतं?"

"नाही. मी दारावर होतो. पण उचलू नको म्हणूनही सांगितलं नाही."

"आईंना माहीत आहे?"

"नाही."

"सांगा मग. मी सांगणार नाही. ते तुमचं काम आहे."

ती गेली. मास्तरांनी शटर ओढलं. मग घरी गेले.

आई खिडकीपाशी मटार सोलत होती. मास्तर तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं, चकतीपासून मान हलवण्यापर्यंत. आई शेंग फोडत होती, दाणे काढत होती. ते गप्प झाल्यावर तिनं विचारलं, "गार्ड नाही हे त्याला दिसलं नसेल?"

"दिसलंच असणार. समोरच होतं."

"मग त्यानं उचललं कसं?"

मास्तरांना उत्तर माहीत होतं. "मी ठेवलं होतं म्हणून."

आईनं परातीतले दाणे एका बाजूला सारले आणि सालं पदरात भरली. उठताना ती नेहमी मास्तरांच्या खांद्याचा आधार घेई. त्या दिवशी तिनं खिडकीची चौकट धरली. रात्रीचं जेवण तिनं झाकून ठेवलं, वाढायला आली नाही. पुढेही कधी आली नाही. त्यांच्याशी बोलायची, औषध संपलं, नळाला पाणी नाही, एवढंच.

मास्तरांनी अपघाताची चौकशी करणाऱ्या कचेरीत जाऊन खरं लिहून दिलं. तिथल्या माणसानं कागद वाचला, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता कशाला?" कागद मात्र ठेवून घेतला. त्याचं पुढे काय होईल ते अजून कळलेलं नाही. लेथवाल्यालाही त्यांनी सांगितलं. तो नुसता आपल्या मशीनकडे वळला.

भावजय तीन आठवडे फिरकली नाही. मास्तरांनी तिची आशा सोडली होती. मग एका सकाळी ती आली, सदरा घातला, टोपी चढवली. तिच्याबरोबर पिशवीत नवीन ग्रायंडर होतं. दुसऱ्या टोकाच्या टेबलावर तिनं आपलं सामान मांडलं.

आता दोघं रोज एका छताखाली काम करतात. "पाईप धरा." "माप सांगा." याच्यापलीकडे बोलणं नाही. तिचं काम चोख आहे, गिऱ्हाईक तिलाच विचारत येतं. संध्याकाळी मास्तर आपलं मशीन टेबलाखाली ठेवतात. ती आपलं पुसते, चकती काढते, गार्डचा स्क्रू हातानं तपासते आणि सगळं पिशवीत घालून घरी घेऊन जाते.