डावी बाजू माझ्याकडे

निवृत्त झालं की माणूस सुटतो म्हणतात. असं म्हणणाऱ्याला एकदा आमच्या घरी आणून बसवा. मी बस कंडक्टर होते आणि आमचे हे ड्रायव्हर. एकाच डेपोत, त्यातही बरीच वर्षं एकाच गाडीवर. घरचं भांडण मी कधी गाडीत नेलं नाही, पण गाडीतलं भांडण रोज इमानेइतबारे घरी आणलं. आता दोघंही पेन्शन खातो. तरी ते मला अजून "कंडक्टर" अशी हाक मारतात आणि मी त्यांना "ड्रायव्हर". शेजारणींना याची मोठी गंमत वाटते. मलाही वाटायची.

बसच्या कामाची एक रीत असते. एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल. गाडी मागे घ्यायची असली की कंडक्टरनं खाली उतरून मागे उभं राहायचं आणि पत्र्यावर ठोके द्यायचे. दोन ठोके म्हणजे येऊ दे, एक ठोका म्हणजे थांब. ड्रायव्हरनं तरीही आरशात बघायचं असतं. पण आमच्या यांनी माझ्यावर असा काही भरवसा टाकला की आरसा नुसता भांग पाडायला उरला. निवृत्तीनंतर आम्ही एक जुनी, ऐसपैस गाडी घेतली, सगळं घर बसेल अशी. तिच्यातही तेच सुरू झालं. मी यांच्या डावीकडे बसायची. चौक आला की डावीकडे बघायची, रस्ता मोकळा असला की समोरच्या फळीवर बोटाच्या पेरानं दोन ठोके द्यायची, आणि हे मान न वळवता गाडी काढायचे. उजवी बाजू त्यांची, डावी माझी. आमच्यात ठरवून काही झालं नव्हतं, पडत गेलं तसं.

दरवर्षी सुट्टीत आम्ही सगळे मिळून थंड हवेच्या ठिकाणी जातो. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नात. नातीला टिल्ली म्हणतात, कारण जन्मली तेव्हा मुठीएवढी होती. आणि निघायच्या आधी मुलगा आम्हाला तपासणीला पाठवतो. "गाडीचं आणि तुमचं सर्व्हिसिंग एकदमच उरकू," म्हणतो. यंदाही गेलो. उपाशीपोटी रक्त दिलं, पट्ट्यावर चाललो, छातीला वायरी लावून घेतल्या. यांची साखर बरी निघाली, हृदय तर डॉक्टरांनी वाखाणलं. हे लगेच माझ्याकडे बघून मिशीत हसले.

मग डोळे. एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं आणि हातात बटण दिलं. ठिपका दिसला की दाबायचं. मी मागे बसून होते. टक, टक असा आवाज येत होता, आणि मग बराच वेळ काहीच येईना. मला वाटलं, झाली, यांची डुलकी लागली. सवयच आहे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयानं आमच्या सुनेएवढ्या. त्यांनी यंत्र पुन्हा लावलं. पुन्हा तेच झालं.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "बराच पुढे गेलाय. डावीकडचं तुम्हाला जवळजवळ दिसत नाहीये. गेलंय ते परत येणार नाही, आहे ते थेंबांनी सांभाळू. दारांना खांदा लागतो का? काही अडखळतं?"

"छे," हे म्हणाले.

यांच्या डाव्या दंडावर तेव्हाही काळंनिळं होतं. मी ते रोज बघत होते आणि म्हातारपणी घरात नाचू नका म्हणून वर टोमणे मारत होते.

"गाडी चालवता?"

"कधीतरी."

"ती बंद करा. आजपासून." बाईंनी पेन खाली ठेवलं. "मला नवल वाटतं, इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

यांनी माझ्याकडे बघितलं फक्त. मला तिथेच कळलं. लक्षात येणार कसं? डावीकडे बघायची वेळ यांच्यावर आलीच कुठे होती? ती बाजू माझ्याकडे होती.

खाली कॅन्टीनमध्ये चहा घेतला. हे बशी गोल गोल फिरवत बसले. मला वाटलं आता चिडतील, डॉक्टरीणबाईंना काही कळत नाही म्हणतील. चिडले असते तर मी भांडले असते आणि सगळं सरळ झालं असतं. पण हे हळू आवाजात म्हणाले, "एवढी ट्रिप होऊ दे. आल्यावर मीच सांगतो पोराला. किल्ली त्याच्या हातात देतो."

"आणि तोवर?"

"तोवर तू आहेस ना."

मी रागीट बाई आहे. सुट्ट्या पैशांवरून धिप्पाड माणसांना भर रस्त्यात खाली उतरवलेली बाई. पण या माणसानं जन्मात माझ्यापुढे कधी हात पसरला नव्हता. मुलगा चारचौघांत सांगत असतो, आमच्या बाबांच्या हातून गाडीला कधी ओरखडा आला नाही. ते सांगत असताना यांचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. मी विरघळले. शिवाय खरं सांगू? मला बरंही वाटलं. तू आहेस ना, असं यांनी म्हटलं होतं.

घाट चढताना माझी मान आखडली. पापणी म्हणून मिटली नाही. डावीकडे दरी, डावीकडून माणसं, डावीकडून मधेच घुसणाऱ्या मोटारसायकली. मी ठोके देत होते, एकेरी, दुहेरी, आणि मध्येच तोंडानं "जपून, जपून". मागे मुलगा निवांत घोरत होता. टिल्ली गाणी म्हणत होती. सून प्रेमानं म्हणाली, "आई, तुम्ही थकलात. मागे या, जरा पाय पसरा. मी बसते पुढे."

"मला काही धाड भरलेली नाही," मी म्हटलं.

पुढे बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. आरशात दिसत होतं मला. मला वाईट वाटलं, पण काय सांगणार? हॉटेलात थेंबांची बाटली फ्रीजमध्ये ठेवताना तिनं विचारलं तेव्हाही मी ठोकून दिलं, की बाबांचे डोळे कोरडे पडतात हल्ली. ती म्हणाली, माझ्या बाबांचेही पडतात, आणि मला कुठलंसं औषध सुचवलं. मी हो हो केलं.

सुट्टी तशी बरी गेली. हे टिल्लीला खांद्यावर घेऊन फिरले, तिला तळं दाखवलं, खोटे किस्से सांगितले. मी यांच्या डावीकडून चालायची. पायरी आली की कोपरानं खूण करायची. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. इतकी हुशारी नोकरीत केली असती तर तपासनीस झाले असते.

निघायच्या सकाळी सामान गाडीत चढत होतं. हॉटेलचं आवार लहान. गाडी जिन्याकडे तोंड करून उभी होती, मागे एक बुटकी भिंत. गाडी त्या भिंतीकडे मागे घ्यायची आणि मग फाटकाकडे वळवायची. हे स्टिअरिंगवर जाऊन बसले, इंजिन सुरू केलं. मी दार उघडणार तेवढ्यात आठवलं, थेंबांची बाटली फ्रीजमध्येच राहिली. म्हटलं, आलेच, आणि वर गेले.

बाटली घेऊन जिना उतरत होते तेव्हा हे सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मागच्या भिंतीवर, गाडीच्या डाव्या अंगाला, टिल्ली बसली होती. मुलगा तिच्यापुढे गुडघ्यावर बसून तिच्या पायात बूट चढवत होता. सून डिकीत शेवटची बॅग कोंबत होती. तिनं डिकी आपटली. लागली नाही. तिनं पुन्हा जोरात आपटली, ती लागली. मग ती उजव्या दाराकडे गेली.

आणि गाडी मागे यायला लागली.

ज्या गळ्यावर मी जन्मभर पोट भरलं तो गळा बसला. बाटली मुठीत धरून नुसती उभी राहिले. मुलगाच ओरडला. त्यानं पोरीला उचलून बाजूला उडी घेतली आणि दोघंही फरशीवर पडले. यांनी कचकन ब्रेक दाबला. भिंतीत आणि गाडीत एखादं लहान पोर मावणार नाही एवढीच जागा उरली होती. टिल्लीचा बूट चाकाखालून चपटा होऊन बाहेर आला.

टिल्ली रडायला लागली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. रडते म्हणजे धड आहे. मुलाचं कोपर सोलवटून निघालं होतं. तो उठला तो सरळ बायकोवरच गेला.

"दोन ठोके कशाला दिलेस?"

"ठोके कुठे दिले? डिकी लागत नव्हती."

"बाबा गाडीत बसलेत, इंजिन चालू आहे, आणि तू मागून दोनदा आपटतेस. दोन ठोके म्हणजे या, हे आपल्या घरात टिल्लीला कळतं. तुला अजून कळू नये?"

"पण आरसा असतो ना," सून म्हणाली. "आरशात बघत नाहीत का?"

"आता बाबांना तू शिकवणार, आरसा कुठे असतो ते?"

हे खाली उतरून मागे आले होते. चेहरा पांढराफटक. "बूट कुठाय तिचा?" म्हणून वाकून उजवीकडे शोधायला लागले. बूट त्यांच्या डाव्या पावलाला जवळजवळ टेकला होता. मी पुढे होऊन तो उचलला. हे माझ्या कानाशी अगदी हळू म्हणाले, "तू कुठे गेली होतीस?"

मला त्या क्षणी यांची दया आली. खोटं कशाला बोलू. म्हटलं, आता हे सांगतील. आल्यावर सांगणार होते ते आत्ता सांगतील, वेळच तशी आहे. मी वाट बघत राहिले.

तेवढ्यात सून रडायला लागली. टिल्लीला पोटाशी धरून हुंदके देत म्हणाली, "चुकलं माझं, बाबा. माझ्या लक्षातच आलं नाही."

आणि या गृहस्थांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "होतं असं," म्हणाले. "पुढच्या वेळी लक्ष ठेव."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पोटची पोर मरतामरता वाचली तिची, आणि वर हिनंच माफी मागायची? आणि यांनी मोठ्या मनानं ती देऊन टाकायची?

"अहो, सांगा," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

हे तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे उभे राहिले. मग मीच सांगितलं. सगळ्यांसमोर, हॉटेलचा माळी झाडांना पाणी घालायचं सोडून ऐकत होता त्याच्यासमोर. काचबिंदू सांगितला, डॉक्टरीणबाईंनी काय बजावलं ते सांगितलं, थेंब कशाचे ते सांगितलं. "तिची काही चूक नाही," मी मुलाला म्हटलं. "तिनं हजार वेळा डिकी आपटली असती तरी ज्याला दिसतं त्यानं गाडी हलवली नसती. माफी माग तिची."

मुलगा भिंतीवर बसला. बापाकडे बघत राहिला. मला हलकं वाटत होतं. वाटलं, सून आता माझ्याजवळ येईल. तिच्या बाजूनं मीच तर उभी राहिले होते, प्रत्यक्ष नवऱ्याविरुद्ध.

तिनं डोळे पुसले. "कधी कळलं हे?"

"निघायच्या आधी. तपासणीत."

"म्हणजे घाट चढताना तुम्हाला माहीत होतं."

"मी होते ना शेजारी. मी सगळं बघत होते. डावीकडचं सगळं मी बघत होते."

"आत्ता नव्हतात," ती म्हणाली.

आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, उत्तराला मी कधी कमी पडलेली नाही. ती म्हणाली, "मी तुम्हाला मागे या म्हटलं तेव्हा तुम्ही माझ्यावर खेकसलात. मला वाटलं माझंच काही चुकलं. दोन दिवस मी विचार करत होते, आईंना मी काय बोलले. आणि माझी पोरगी गाडीत होती."

"हिचा दोष नाही," हे मध्येच म्हणाले. मी सांगायला लागल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडलं. "सांगू नको असं मीच म्हणालो होतो. ही ऐकत नव्हती."

हे खोटं होतं. मी लगेच ऐकलं होतं.

सून यांच्याकडे वळली. "बाबा, मघाशी माझ्यासाठी नाही बोललात," ती म्हणाली.

मुलानं किल्ली मागितली, यांनी दिली. हे मुलाशेजारी पुढे बसले, हात मांडीवर ठेवून. मी मागे बसले. टिल्ली एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशी आत चढली आणि नेहमीसारखी माझ्या कुशीत यायला लागली. सुनेनं तिला दंडाला धरून थांबवलं, आपल्या अंगावरून पलीकडे नेलं आणि दाराशी बसवलं.

"मला आजीजवळ बसायचंय," टिल्ली म्हणाली.

"नको," सून म्हणाली.

का नको, असं पोरीनं विचारलं. सुनेनं हात लांबवून दार ओढून घेतलं. मग टिल्ली वाकून माझ्याकडे बघायला लागली, मी सांगेन म्हणून. मी खिडकीबाहेर बघत राहिले.