पुढील पाळीस सोपवले

दारावरची बेल वाजली की मी आधी चपला पायात सरकवायची. म्हणजे दार उघडल्यावर समोरच्याला वाटावं, बाई निघाल्याच होत्या. "अगंबाई, मी आत्ता बाहेरच पडत होते!" असं म्हणत दार फटीएवढं उघडायचं आणि सगळं बोलणं जिन्यातच उरकायचं. निवृत्तीनंतरच्या दीड वर्षात मी या एकाच कामात तरबेज झाले. बाकीच्या कामांबद्दल न बोललेलं बरं, पण बोलायलाच बसले आहे तर बोलते.

चौतीस वर्षं मी दवाखान्यात काढली. त्यातली शेवटची चौदा सर्जरी वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून. पाठीमागे मला सगळे 'भिंग' म्हणायचे आणि ते मला माहीत होतं. खाटेच्या दांड्यावरून, औषधाच्या ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातून मी पांढरा रुमाल फिरवायची. रुमालावर रेघ उमटली की त्या दिवशी कुणाची धडगत नसे. एकदा एका शिकाऊ मुलीला मी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तुमच्या घरी असंच असतं का गं?" ती पोरगी लिननच्या खोलीत जाऊन रडली. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, जन्मभर लक्षात ठेवेल.

आता खरं सांगते. तो वॉर्ड माझ्यामुळे नाही, राउंडमुळे लख्ख असायचा. दहाच्या ठोक्याला मोठे डॉक्टर यायचे आणि त्याआधी सगळं झालेलं असायचं. घराचंही तेच. नोकरीत असताना हेच घर चाळीस मिनिटांत आवरून मी सहा पन्नासची बस गाठायची. निवृत्तीनंतर पहिल्या आठवड्यात म्हटलं, जरा पडू दे. दुसऱ्या आठवड्यात म्हटलं, आता कुठं जायचंय? तिथंच घात झाला. हाताशी आख्खा दिवस असला की कामही आख्खा दिवस वाट बघतं, आणि मग दुसऱ्या दिवसाचीही बघतं. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती, लेक आपल्या घरी. बघायला येणार कोण?

ओट्यावर तेलाचा असा थर बसला की बरणी उचलताना 'चट्' आवाज यायचा. धुतलेल्या कपड्यांचा ढीग दिवसा खाटेवर आणि रात्री खुर्चीवर राहायचा, कपाटात मात्र कधी गेला नाही. फ्रिजमधल्या एका डब्याचं झाकण मी दोन महिने उघडलं नव्हतं. आत काय आहे ते आठवत नव्हतं, आणि बघायची छाती नव्हती. कामाला बाई का लावली नाही, असं कुणीही विचारेल. लावणारच होते. म्हटलं, आधी घर जरा आवरून घेऊ, नाहीतर तिला काय वाटेल!

बाहेर पडताना मात्र कपडे कडक इस्त्रीचे. रोज सकाळी वाचनालयात जाऊन बसायची. तिथल्या टेबलावर धूळ दिसली तर शिपायाला बोलवून दाखवायचीसुद्धा. वरून कीर्तन, आतून तमाशा.

मग मला एक युक्ती सुचली. अशी युक्ती नर्सलाच सुचावी आणि तिलाच ती भोवावी. मी घरात हँडओव्हरची वही सुरू केली.

वॉर्डात एक पाळी संपली की पुढच्या पाळीला काम सोपवतात. काय झालं, काय राहिलं, सगळं वहीत लिहायचं. खाली दोन सह्या, एक सोपवणारीची आणि एक घेणारीची, सहीखाली वेळ. वेळेशिवाय सही म्हणजे सहीच नव्हे, असं मी पोरींना बजावायची. लेकीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावरही मी सहीखाली वेळ घालायची आणि तिच्या बाई हसायच्या. माझे आणखी दोन नियम होते. हँडओव्हर टेबलाशी बसून द्यायचा नाही, पेशंटच्या खाटेशी उभं राहून द्यायचा, पेशंटला ऐकू जाईल असा. आणि वहीत खोटं लिहायचं नाही. चूक झाली तर चूक लिहायची. वाचणारीने वाचलेल्या प्रत्येक ओळीपुढे बारीक खूण करायची.

तर मी वही घेतली, रेघा आखल्या आणि स्वैपाकघराच्या खिळ्याला टांगली. वाटलं, लिहावं लागलं म्हणजे लाजेकाजेस्तव तरी हात हलेल. पहिल्या दिवशी लिहिलं, "सकाळ. सिंकमध्ये भांडी अकरा. पाणी घालून ठेवली. पुढील पाळीस सोपवले." दुपारी लिहिलं, "भांडी तेरा. स्थिती स्थिर. निरीक्षणाखाली." संध्याकाळी, "भांडी सतरा. वास सुरू. खिडकी उघडली. पुढील पाळीस सोपवले." सोपवणारीही मीच, घेणारीही मीच. दोन्ही सह्या करून मी गादीवर पडायची आणि मनाला वाटायचं, चला, आजचं काम झालं. चार महिने वही एकदम चोख होती. अक्षर तर मोत्यासारखं.

अशात लेकीचं ऑपरेशन ठरलं. गर्भाशयात गाठ होती. गाठ साधी निघाली, पण पोट उघडावं लागलं. महिनाभर आधीच मी तिला सांगून ठेवलं होतं, "दवाखान्यातून थेट माझ्याकडे यायचं. मी चौतीस वर्षं परक्यांची पोटं सांभाळली, तुझं नाही सांभाळणार?" ती म्हणाली, "आई, म्हणून तर मी घाबरले नाहीये." हे वाक्य मी वहीत लिहिलं नाही, पण ते मला पाठ आहे.

दवाखान्यात मी चारही दिवस तिच्या उशाशी होते. सलाईनचा वेग, ताप, जखम, सगळ्यावर माझी नजर. तिथल्या सिस्टर मला बघून आधी चादर ओढायच्या, मग बोलायच्या. रोज संध्याकाळी घरी येऊन ठरवायची, आज आवरायचं. आणि दारातून आत पाय टाकला की तोंडचं पाणी पळायचं. कुठून सुरुवात करायची तेच कळायचं नाही. सोडायच्या आदल्या दिवशी मी तिच्या खाटेशी उभी राहिले आणि म्हणाले, "अगं, घराला रंग काढलाय. वासाने तुला खोकला होईल, टाक्यांवर ताण येईल. तू सासरीच जा आठ दिवस."

तिने विचारलं, "आत्ता रंग काढलास?"

"तो रंगारी मिळतच नाही गं एरवी."

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

घरी येऊन मी वहीत लिहिलं, "लेकीस सांगितले, रंगकाम चालू. (खोटे.) पुढील पाळीस सोपवले." दोन सह्या. वेळ.

त्यानंतर अकरा दिवस मी तिच्याकडे फिरकले नाही. गेले तर रंग कुठला दिला, किती खोल्या झाल्या, असं विचारतील ही भीती. चोराच्या मनात चांदणं. सकाळ-संध्याकाळ फोन करायची आणि नर्सच्या आवाजात विचारायची, ताप आहे का, जखम कोरडी आहे का, चालतेस का. ती उत्तरं द्यायची. तिने एकदाही "ये" म्हटलं नाही. आणि खरं सांगू? मला त्याचं हायसं वाटायचं. हे सांगतानाही कान तापतात.

बाराव्या दिवशी मी वाचनालयातून दीड वाजता परतले. स्वैपाकघरात पाऊल टाकलं आणि थांबले. सिंक रिकामं होतं. भांडी घासून पालथी घातली होती. दोन कढया साबणाच्या पाण्यात भिजत होत्या. आधी वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो. मग आठवलं, एक किल्ली लेकीकडे असते.

वही खिळ्यावर नव्हती. ओट्यावर उघडी पडली होती आणि पानावर तिचं अक्षर होतं.

"दुपार, बारा ते एक. सैल गाऊन न्यायला आले. रंगाचा वास नाही. भांडी बावीस, घासली. कढया दोन, भिजत घातल्या. मध्ये दोनदा बसावं लागलं. फरशी राहिली, कारण भरलेली बादली उचलायला सहा आठवडे मनाई आहे. पेशंट एक, दिवस पंधरावा, जखम कोरडी. पुढील पाळीस सोपवले."

सोपवणारी म्हणून तिची सही. खाली वेळ, एक वाजून पाच. घेणारीची जागा कोरी.

मी मागची पानं उलटली. प्रत्येक ओळीपुढे बारीक खूण होती. 'स्थिती स्थिर'पुढे होती. 'वास सुरू'पुढे होती. कंसातल्या 'खोटे'पुढेही होती. चार महिन्यांची वही तिने अख्खी वाचली होती. पोटाला टाके असलेली माझी पोरगी या ओट्याला टेकून उभी राहिली होती आणि माझी बुरशी आलेली भांडी घासत होती. माझ्या वॉर्डात पंधराव्या दिवसाचा पेशंट असा सिंकपाशी दिसला असता तर मी ड्युटीवरच्या सिस्टरला उभी चिरली असती.

तुमच्या घरी असंच असतं का गं? तो माझाच आवाज कानात आला. त्या शिकाऊ पोरीचं नावही मला आठवेना.

मी बादली भरली. उचलली. त्यात शौर्य काही नव्हतं, एक बादली पाणी. फरशी, ओटा, कढया, खाटेवरचा ढीग. तो डबाही उघडला. आत काय होतं ते सांगत नाही. चाळीस मिनिटांचं काम चार तास चाललं, आणि मध्ये मध्ये मी स्वतःला फार वाईट शिव्या दिल्या. साडेपाचला काय झालं, काय राहिलं ते वहीत लिहिलं, वही पिशवीत टाकली आणि लेकीकडे निघाले. बाह्या ओल्या होत्या, गुडघ्यावर डाग होते. इस्त्री केली नाही.

विहीणबाईंनी दार उघडलं ते सताड. "या या! बऱ्या झालात ना? नागीण म्हणजे फार वाईट हो. सूनबाई म्हणाली, आईला नागीण उठलीय, मला लागू नये म्हणून येत नाही. मी म्हटलं, सिस्टरच त्या, बरोबर विचार करणार. बसा, तो पेपरांचा गठ्ठा जरा सरकवा."

खुर्चीवर पेपरांचा गठ्ठा होता. टेबलावर चहाचे चार उष्टे कप होते, कोपऱ्यात न घडी केलेले कपडे. विहीणबाईंना त्याचं काहीसुद्धा वाटत नव्हतं. त्या मला आत बोलवत होत्या. आणि माझ्या लेकीने माझ्यासाठी रोग शोधला होता, तोही असा, की कुणी उघडून दाखवा म्हणणार नाही. माझ्या मनात पहिला विचार काय आला? सुटले. नागीण होती, बरी झाली, संपलं.

लेक आतल्या खोलीत पडली होती. मला बघून उठली नाही. माझ्या ओल्या बाह्यांकडे तिने एकदा पाहिलं.

मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले. विहीणबाई पाणी घेऊन मागोमाग आल्या. म्हटलं, बरं झालं, पेशंटला ऐकू जाईल असंच द्यायचं असतं.

"विहीणबाई, मला नागीण नव्हती. मला काहीच झालं नव्हतं. घराला रंगही काढला नव्हता. माझं घर घाण होतं, दीड वर्षाचं घाण, आणि ते हिला दिसू नये म्हणून मी हिला तुमच्याकडे पाठवलं. अकरा दिवस तुम्ही केलंत ते माझं काम होतं. आज ही येऊन माझी भांडी घासून गेली."

 विहीणबाई लेकीकडे वळून म्हणाल्या, "गाऊन आणायला एक तास लागला, तो असा?" आणि पेला माझ्या हातात देऊन बाहेर गेल्या. एवढंच बोलल्या. चार शब्द लावून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

लेक छताकडे बघत म्हणाली, "आई, पहिल्या रात्री मला उठून बसता येत नव्हतं. सासूबाईंना कसं उचलायचं ते माहीत नव्हतं. त्यांनी काखेत धरून ओढलं. मला वाटत राहिलं, तू असतीस तर आधी कुशीवर वळवलं असतंस."

मला ते येतं. हजारो जणांना मी तसं उठवलंय. 

"काय राहिलंय?" तिने विचारलं.

"बेसिनखालचं कपाट. बाकी झालं."

"खरं?"

"वहीत लिहिलंय."

तिने हात पुढे केला. मी वही दिली. तिने तिचं पान काढलं, माझी नवी नोंद वाचली, ओळीओळीपुढे नखाने खूण केली आणि वही माझ्याकडे फिरवून कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. घेणारी.

मी पेन काढलं. चार महिने त्या जागेवर मी डोळे झाकून सही केली होती. आज आधी वरची प्रत्येक ओळ वाचली. सही केली आणि वही मिटायला लागले.

"वेळ," लेक म्हणाली.

मी घड्याळ पाहिलं आणि सहीखाली लिहिलं, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मग वहीत खोटं लिहायचं नसतं म्हणून पुढे लिहिलं, अकरा दिवस उशिरा.