थर्ड मॅडमचा रकाना

जहाजावर मी सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. आजवर एकोणीस नवे थर्ड ऑफिसर पाहिले. अकरा जणांचा हात पहिला महिनाभर खिशातून निघत नव्हता. सात जण चौथ्या दिवशी मलाच शिकवायला लागले. उरली ही मॅडम. आल्या आल्या तिने विचारलं, "काका, या जहाजाच्या खोडी कोणाला माहीत आहेत?"

"चीफसाहेबांना आणि मला. ते सांगत नाहीत, मी विचारल्याशिवाय सांगत नाही."

"मग विचारतेय की," म्हणत तिने वही काढली.

खलाशांनी तिचं नाव ठेवलं 'खातरजमा'. व्हॉल्व्ह बंद आहे म्हणून सांगितलं, तरी बाई जाऊन हात लावणार. वडील वजनकाटे तपासणाऱ्या खात्यात. दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास ठेवायला पोरगी शिकलीच नव्हती.

तिचा पहिला करार संपायला पाच दिवस उरले होते. कंपनी पुढे ठेवणार की नाही, ते चीफसाहेबांच्या, म्हणजे चीफ ऑफिसरच्या, शेऱ्यावर होतं.

त्या सकाळी द्रवरूप गॅस भरायचा होता, उणे एकशे साठ अंशांचा. एवढा थंड ओघळ जहाजाच्या पोलादावर पडला तर ते काचेसारखं तडकतं. म्हणून जिथे पाइप जोडतात, त्याखाली जहाजाच्या अंगावरून पाणी सतत सोडलेलं असतं. तपासयादीत त्या ओळीवर चीफसाहेबांनी कंट्रोल रूममध्ये बसूनच खूण केली, वेळ टाकली. पंप चालू, दाब ठीक. आता शेजारच्या रकान्यात मॅडमची सही हवी होती.

"बघून येते, सर."

"स्क्रीनवर हिरवा दिवा आहे. आणखी काय बघणार?"

"पाणी."

बंदराचा माणूस घड्याळाकडे बघत बसला. मी तिच्या मागोमाग गेलो. ती कठड्यावरून वाकली. पाणी झकास पडत होतं. फक्त पुढच्या टोकाला दोन हात रुंदीची पट्टी कोरडी ठणठणीत. तिथली पाणी सोडणाऱ्या नळीची भोकं मीठ आणि गंज साचून बुजली होती, आणि नेमकी वरच गॅसच्या पाइपची जोडणी.

परत येऊन तिने तसं सांगितलं. चीफसाहेब माझ्याकडे वळले. "सारंग, साफ करून घ्या. आणि मॅडम, तुम्ही सही करून टाका, वेळ माझीच घाला."

"साफ झाल्यावर करते, सर. वेळही तेव्हाची."

"म्हणजे माझी खूण खोटी?"

तिच्या जागी मी काय केलं असतं, याचा मी मनातल्या मनात हिशेब मांडला. उत्तर मला आवडलं नाही.

तिने पेनाला टोपण लावलं. "तुमच्या रकान्याचं तुम्ही ठरवा, सर. माझ्यात मी पाहिलेलंच लिहीन."

पितळी तारेने भोकं मोकळी करायला सत्तेचाळीस मिनिटं लागली. ती पुन्हा वाकून बघून आली, सही केली, वेळ टाकली. चीफसाहेबांनी कागद ओढला, उठून बाहेर गेले, स्वतः वाकून पाणी पाहिलं, आणि आपली जुनी खूण खोडून शेजारी नवी वेळ लिहिली. बारा वर्षांत त्यांनी स्वतःचं काही खोडलेलं मी पाहिलं नव्हतं.

उतरायच्या दिवशी शिडीपाशी तिने मला शेरा दाखवला. 'कामाला वेळ लावते. हट्टी आहे. वरिष्ठांच्या शब्दावर भागवत नाही. पुढच्या खेपेला याच जहाजावर पाठवावी.'

"काका, ही तक्रार आहे की कौतुक?"

"शेवटची ओळ वाचा, मॅडम. वरच्या तीन तिची कारणं आहेत."