आधी कड्या, मग हात

मी तिसऱ्या दाराची कडी बोलतेय. हो, आतल्या अंगाची. बाहेरच्या अंगाला नुसती मूठ आहे, तिला कसली अक्कल! आतल्या गोष्टी आतलीलाच ठाऊक.

गाड्यांच्या थांब्यामागे बायकांचं स्वच्छतागृह आहे. चार दारं, दोन नळ, एक आरसा, आणि आरशाला तडा. मी घडले तेव्हा असल्या जागी येईन असं मनातसुद्धा नव्हतं. कारखान्यात पत्रा दाबून मला काढलं, चकचकीत केलं आणि अकरा बहिणींबरोबर खोक्यात भरलं. एक बहीण कोणाच्या तरी खिडकीला गेली. दिवसभर वारा खात बसली असेल, मेली! माझ्या वाट्याला हे दार आलं.

सुताराने चार स्क्रू पिळले आणि माझं हिंडणं-फिरणं संपलं. दोन बोटं पुढे, दोन बोटं मागे, एवढंच माझं जग. लोकांना वाटतं, आत गेलेलं माणूस कडीने अडकतं. अहो, ते पाच मिनिटांत सुटतं. अडकते मी.

अकरा वर्षांत किती हात पाहिले म्हणून सांगू! मेंदीचे, शाईचे, पिठाचे, घामाचे. एकेकीच्या तऱ्हा बघाव्यात. कोणी आत येतानाच नाक धरते, जणू वासानेच रोग होणार आहे. कोणी भांड्याला शिवत नाही, अधांतरी राहते आणि वर भिंतीला हात टेकते. एक बाई तर भांडं कागदाने तीनदा पुसायची, ‘शी, शी’ करायची आणि सगळं आटोपलं की तोच हात माझ्यावर ठेवून बाहेर पडायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

कारण बघा, नळ बाहेर आहे. म्हणजे आधी मला धरायचं, मग हात धुवायचे. तेही धुतले तर. प्रत्येकीच्या हातावरचं जे काही असेल ते आधी माझ्यावर यायचं, आणि मागून येणारी ते घेऊन जायची. भांडं रोज घासलं जायचं, फरशी दिवसातून चारदा. मला अकरा वर्षांत कोणी ओल्या फडक्याने पुसलं नाही. माझ्या अंगावर काय चढलंय ते मला कळायचं, पण सांगणार कोणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

आता मावशीबद्दल सांगते. इथली साफसफाई करणारी, सगळ्यांची मावशी. अंगाने काटकुळी, आवाजाने दणदणीत. “ए बाई, पाणी टाक! तुझ्या मागून येणारी काय माणूस नाही?” असं दारावर थापा मारून सांगायची. आमची दारं बाहेर उघडतात. माझं दार उघडं राहिलं की माझं तोंड थेट तिच्या खुर्चीकडे. त्यामुळे तिचा सगळा संसार मला तोंडपाठ.

मावशीचा जीव एका नातीत. दोन वर्षांची, नाव काय ते कोण जाणे, सगळे ठकीच म्हणायचे. सून शिवणाच्या कारखान्यात दुपारपाळीला जायची. जाताना मावशीचा डबा आणि ठकी, दोन्ही खुर्चीपाशी ठेवून जायची. तासाभराने मावशीचा मुलगा येऊन पोरीला घरी न्यायचा. तो एक तास म्हणजे मावशीचा सण. डबा उघडला की ठकी चोच वासायची. “आजी, आ!”

“आ काय, आ! आधी चिमणीचा, मग काऊचा,” करत मावशी आपल्या हाताने भरवायची.

मावशी अस्वच्छ होती असं कोणी म्हणेल तर जीभ झडेल. सून यायच्या आधी ती चारही खोल्या घासायची. मग कोपरापर्यंत साबण लावून, एक ते वीस मोठ्याने मोजत हात धुवायची. आणि मग, हात झटकत झटकत, चारही कड्या लावून बघायची. टक, टक, टक, टक. “हां, लागतायत.” तेव्हा कुठे जेवायला बसायची.

कड्या बघायचं वेड तिला का लागलं, तेही सांगते. पूर्वी पहिल्या दाराची कडी ढिली होती. एकदा आत शाळेतली मुलगी असताना दार कोणीतरी खसकन ओढलं. पोर रडून रडून अर्धी झाली. मावशीच्या जिव्हारी लागलं ते. तेव्हापासून, काही होवो, जेवणाआधी कड्या तपासायच्याच. पोरीबाळींची अब्रू आहे, म्हणायची.

चांगल्या मनाने धरायची हो मला. धुतलेल्या, स्वच्छ हाताने. आणि तो हात सरळ डब्यात.

ठकीला पहिल्यांदा जुलाब झाले तेव्हा दात येतायत म्हणाले. दुसऱ्यांदा पाणी बदललं असेल म्हणाले. तिसऱ्यांदा मात्र पोर दवाखान्यात पडली, सलाईन लागलं. मावशी चार दिवस कामावर आली ती नुसती डोळे पुसत. पाचव्या दिवशी सून आली. डबा ठेवला, ठकीला कडेवरून उतरवलंच नाही.

“आई, राग मानू नका,” ती म्हणाली, “पण पोरीला आता मी इथे ठेवणार नाही. कारखान्याशेजारच्या काकूंकडे ठेवते. डॉक्टर म्हणाले, घाण हातातून पोटात जातं. तुम्ही दिवसभर इथे... तुमच्या हाताला...”

तिने ठकीला आणखी जवळ ओढलं.

“मी वीस मोजते गं,” मावशी म्हणाली. “वीस मोजून धुते.”

“माहितीये, आई.” सूनही रडकुंडीला आली होती. “पण आणखी एकदा झालं तर पोर हातची जाईल.”

त्यानंतर सून कारखान्याला जाताना रोज डबा द्यायला यायची, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची नाही. ठकी कडेवरून हात पसरायची. “आजी, आ!” मावशी दोन्ही हात पाठीमागे लपवून नुसती मान हलवायची. घरीसुद्धा पोरीला घेत नाही, हे तिने नळापाशी उभ्या असलेल्या एका बाईला सांगितलं. आणि मी समोर, दाराला जखडलेली. मी आहे ती, मावशी! तुझे हात नाहीत, मी! किती आतल्या आत ओरडले. कडीचं ओरडणं म्हणजे फार तर एक करकर. त्यावर तिने मला तेल घातलं.

मग मावशीने अ‍ॅसिडचा सपाटा लावला. फरशी, भांडी, भिंती, सगळं जाळून काढलं. हाताची सालं निघाली तरी थांबेना. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! त्या अ‍ॅसिडचे शिंतोडे उडून मी आतून गंजत गेले. कड्या बघणं मात्र तसंच. टक, टक, टक, टक.

एके दिवशी दुपारी एक नर्सबाई माझ्या खोलीत शिरली. गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र, खांद्याला जड पिशवी. तिने मला सरकवलं आणि मी रुतले. जाणूनबुजून की गंजाने, ते विचारू नका. मला स्वतःला नक्की सांगता येत नाही.

“अहो, कोणी आहे का? कडी निघत नाहीये!”

मावशी धावली. ओढून पाहिलं, लाथ मारून पाहिली. मग रस्त्यापलीकडच्या कुलूपवाल्या काकांना हाक मारून आली आणि दाराला टेकून बसली.

“घाबरू नका सिस्टर. काका गिऱ्हाईक उरकून येतायत.”

“माझी गाडी सुटणार हो, मावशी.”

“दुसरी मिळेल. जीव घाबरा करून घेऊ नका. मी आहे इथे.”

मग आतून आवाज आला, “जागा मात्र लख्ख ठेवलीये हं तुम्ही. इतकी स्वच्छ मी कुठे पाहिली नाही.”

एवढ्यावर मावशीचा बांध फुटला. दाराशी बोलणं सोपं असतं, समोर तोंड नसतं ना. ठकी, जुलाब, सलाईन, सून, सगळं सांगून मोकळी झाली. “नोकरी सोडावी तर घर चालत नाही. आणि नाही सोडली तर पोर मांडीवर येत नाही. मी करू तरी काय?”

“भांड्याला कोणी तोंड लावत नाही, मावशी,” नर्स म्हणाली. “तोंडाला लागतो तो हात. जेवणाआधी तुम्ही काय काय करता, सांगा बघू. एकेक. घाईने नको.”

“सगळं घासते. फिनेल टाकते. साबणाने हात धुते, वीस मोजून. मग कड्या बघते, लागतात की नाही. मग पोरीला...”

मावशी थांबली.

नर्सची बोटं अजून माझ्यावरच होती. तिने ती हळूच काढून घेतली.

“कड्या कशाने पुसता, मावशी?”

“कड्या?” मावशीचा तो दणदणीत आवाज कुठल्या कुठे गेला. “कड्या कोण पुसतं हो?”

पुढचं मला ऐकवेना, पण कान झाकायला हात कुठे होते! ती दाराच्या पलीकडे कपाळ टेकून रडत होती. “मीच भरवलं. माझ्या हाताने भरवलं.”

“अहो, तुम्ही मुद्दाम नाही केलं. आणि आता कळलंय ना! आधी कड्या, मग हात. एवढंच उलटं करायचं. आणि कड्याही रोज साबणाच्या फडक्याने पुसायच्या.”

काका आले. फटीतून लोखंड कापायची करवत घातली आणि माझे दोन तुकडे केले. दुखलं. पण नर्स बाहेर पडली तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की माझ्या हातून काहीतरी बरं झालं. तेवढ्यात उंबऱ्यापाशी सून आली, डबा आणि ठकीला घेऊन. नर्सने गाडीची घाई सोडून तिला सगळं समजावलं. सून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “आठ दिवस बघते.”

काका माझा तुकडा भंगारात टाकायला निघाले होते. मावशीने तो हिसकावून घेतला. माझ्याकडे अशी काही बघत होती की वाटलं, आता चेचणार. तिने मला नळाखाली धरलं, साबण लावला आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन... अकरा वर्षांत पहिली अंघोळ! मग खिळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. “तू पड इथे. आठवण राहू दे मला.”

तेव्हापासून मी या डब्यात आहे. अंधार, खिळे आणि मी. आता तर दोन बोटंही सरकता येत नाही. दारावर नवी कडी आली आहे, चकचकीत, थोडी शिष्ट. बायांनो, तिला दोष देऊ नका. ती कुठे जाणार? तुम्ही सुटून जाल, पण तिला शिवलेला हात तुमच्याबरोबर घरी येईल. घास घ्यायच्या आधी तेवढा धुवा.

मला दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. रोज दुपारी आधी फडक्याची घासघास. मग टक, टक, टक, टक. मग नळ. मग एक ते वीस. आणि मग उंबऱ्यावरून डबा सरकवल्याचा आवाज, आणि सुनेची परत जाणारी पावलं. असे आठ दिवस गेले.

आज नवव्या दिवशी घासघास झाली, टकटक झाली, नळ सुटला. मावशी मोजत बारापर्यंत आली असेल नसेल, तोच पावलं वाजली. ती उंबऱ्यापाशी थांबली नाहीत, आत आली.

“घ्या आई, तुमचं पाखरू,” सून म्हणाली.

नळ चालूच होता. मावशीचे आकडे चुकले. तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

“आजी, आ!”

“थांब गं माझे बाई,” मावशी म्हणाली. “अठरा... एकोणीस...”