केबल मुरेपर्यंत

त्या घराच्या बैठकीत एक खुर्ची होती आणि तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. तिच्या चारही पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा होत्या. समोर दोन उंच स्पीकर, खुर्चीकडे किंचित वळवलेले. मागच्या भिंतीवर स्पंजचे करडे चौकोन, खिडकीला जाड पडदा. त्या खुर्चीत फक्त घरधनी बसत. ते बुटांच्या दुकानात मॅनेजर होते. दिवसभर लोकांच्या पायांशी वाकून घरी आले की कानांची सेवा सुरू व्हायची, आणि त्या सेवेत ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची. "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा," हे सांगून सांगून घसा कोरडा पडला तरी संध्याकाळी समूहगान मंडळाच्या तालमीला जायची म्हणजे जायचीच. नवऱ्याचा नाद तिने चालवून घेतला होता. दारू नाही, पत्ते नाहीत, नुसत्या तारा आहेत. असू देत बापड्या, असं ती नणंदेला हसून सांगायची.

पण गेल्या महिन्यात मंडळाची सीडी निघाली, त्यात एक कडवं तिने एकटीने गायलं होतं, आणि तिचं हसू पळालं.

सीडी घरी आली त्या दिवशी नवऱ्याने तिला चक्क आपल्या खुर्चीत बसवलं. नणंद मुद्दाम ऐकायला आली होती. गाणं सुरू झालं तसं सगळं मंडळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलं. नणंदेने गालावर हात ठेवला. मग मंडळ थांबलं आणि हिचं कडवं आलं. आवाज होता, पण त्याला अंगच नव्हतं. पोकळ, विरलेला, कुठून येतोय ते कळेना, डोक्यामागून कुणी कुजबुजावं तसा. कडवं संपलं तेव्हा नणंदेने गालावरचा हात काढला.

"वहिनी, त्या दिवशी घसा बसला होता का तुझा?" तिने हळूच विचारलं.

घसा ठणठणीत होता. तोच तर घाव होता. "चांगली सिस्टिम खोटं बोलत नाही, आहे ते दाखवते, झाकत नाही," हे नवऱ्याने घोकून घोकून घरातल्या भिंतींनाही पाठ करून दिलं होतं. आणि एक्स-रे काढणाऱ्या बाईला ते वेगळं समजवायची गरज नव्हती. फोटोत दिसतं ते असतंच. म्हणजे इतकी वर्षं लोक आपल्याला बरं वाटावं म्हणून वाहवा करत होते, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. ती कुणाजवळ रडली नाही, पण तालमीत मागच्या रांगेत जाऊन उभी राहू लागली.

नवऱ्याला तिचा उतरलेला चेहरा दिसत होता. बोलून समजूत घालणं त्याला जमत नव्हतं, म्हणून त्याने जमत होतं ते केलं.

"अगं, नवी स्पीकर केबल टाकलीय ना, ती अजून मुरलेली नाही," तो म्हणाला. "केबल मुरावी लागते. मग बघ आवाज कसा उघडतो."

ती मुरावी म्हणून रेडिओ दिवसभर रिकाम्या खोलीत बडबडत राहिला. आवाज उघडला नाही. मग इलेक्ट्रिशियन आला आणि मीटरच्या बोर्डापासून थेट सिस्टिमपर्यंत स्वतंत्र लाइन ओढून गेला. मग वीज गाळून देणारा एक खोका आला. तो उचलताना नवऱ्याची कंबर धरली. अँप्लिफायरला मनगटाएवढी जाड पॉवर केबल लागली. फ्रिज सुरू झाला की स्पीकरमध्ये जी गुणगुण यायची ती पार नाहीशी झाली, हे मात्र कबूल करायला हवं. प्रत्येक वेळी तो तिला खुर्चीत बसवायचा, प्रत्येक वेळी मंडळ जास्त दणदणीत वाजायचं, आणि प्रत्येक वेळी ती आपल्याच कडव्यात नाहीशी व्हायची.

आज रविवार. टाउन हॉलच्या कार्यक्रमात सुरुवातीचं गाणं एकटीने गाशील का, असं मंडळाच्या गायनबाईंनी विचारलं होतं. कार्यक्रमपत्रिका छापायला जायची होती, म्हणून आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. नाही म्हणायचं, हे तिचं सकाळीच ठरलं होतं. फक्त फोन उचलायचा धीर होत नव्हता.

आणि नवरा स्पीकरखाली बसवायचे टोकदार पितळी पाय घेऊन हजर.

"अहो, पुरे झालं आता," ती म्हणाली. "आवाज माझाच तसा आहे. त्याला पितळेचे पाय लावून काय होणार?"

"एवढं शेवटचं. तू फक्त स्पीकर तिरपा धर."

तिने धरला. उजव्याला पाय बसले. डाव्याचे बसवायचे म्हणून त्याने सिस्टिम बंद करून डाव्याच्या तारा सोडल्या, आणि धीर कसला धरवतोय, एकट्या उजव्यावरच सीडी लावली. कडवं आलं.

ती जागच्या जागी थिजली. आवाज भरीव होता. छातीतून आलेला, उबदार. तो तिचाच होता.

"पितळ!" नवरा ओरडला. "म्हटलं नव्हतं मी? पितळ!"

घाईघाईने डावाही पितळेवर चढला, तारा जोडल्या, बटण दाबलं. आवाज पुन्हा पोकळ. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. डाव्याचे पाय नीट कसले नसतील म्हणून तो पाना शोधायला लागला.

"थांबा," ती म्हणाली. "आता उजवा सोडा. एकटा डावा लावा."

डाव्यातूनही ती पूर्ण ऐकू आली. म्हणजे दोघेही एकेकटे शहाणे होते आणि एकत्र आले की तिला खात होते. ती दोघांच्या मध्ये फरशीवरच बसली. एकाच यंत्राचे दोन भाऊ, तेच गाणं, तोच सूर. मग भांडण कशाचं? आणि रोज शेकडो छात्या वरखाली होताना बघणाऱ्या त्या बाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अहो, यांचे श्वास उलटे आहेत! एक हवा बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो. मंडळ इकडे-तिकडे पसरलेलं, ते निभावतं. मी मधोमध उभी आहे ना, मी दोघांच्यात सारखी वाटलेली. माझीच वजाबाकी होतेय."

ती स्पीकरच्या मागे सरपटत गेली. नव्या केबलच्या दोन्ही तारा दिसायला सारख्याच होत्या, एकीवर फक्त केसाएवढी बारीक पांढरी रेघ. उजव्या स्पीकरला रेघेची तार लाल खुंटीला होती. डाव्याला काळ्या खुंटीला.

"केबल मुरत नव्हती, नाही का?" ती तिथूनच म्हणाली.

नवरा वाकून ती रेघ बघत राहिला. तिने तारांची अदलाबदल केली, कपडे झटकले आणि गाणं पहिल्यापासून लावलं.

मंडळ थांबलं. क्षणभर इतकी शांतता झाली की कडव्याआधी तिने घेतलेला श्वास खोलीत स्पष्ट ऐकू आला. मग दोन स्पीकरच्या मधोमध, रिकाम्या भिंतीसमोर, हात लावता येईल इतक्या जवळ सीडीतली ती उभी राहिली आणि गायला लागली. तिच्या अंगावर काटा आला. राग, आनंद, एक महिना फुकट गेल्याची चीड, सगळं एकदम दाटून आलं, आणि त्यात आनंद सगळ्यांना पुरून उरला.

"तो श्वास ऐकलास?" नवरा एकदम म्हणाला. "ती वेगळी लाइन नसती, तर फ्रिजच्या गुणगुणीत बुडाला असता तो! काही म्हण, खोका वाया नाही गेला."

"तुमचा खोका शहाणा, तुम्ही नाही," ती म्हणाली, आणि डोळे पुसत पुसत हसली.

तिने फोन उचलला. "बाई, मीच गाते," तिने सांगितलं. "हो, सुरुवातीचं. आणि मागच्या रांगेत माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या."

फोन ठेवेस्तोवर नवऱ्याने तेच गाणं पुन्हा लावलं होतं. कडवं आलं तशी तीही गाऊ लागली, सीडीतल्या स्वतःच्या सोबतीने. पहिली ओळ दोघी बरोबर होत्या. दुसऱ्या ओळीला खोलीतली पुढे निघाली. वरच्या सुरावर सीडीतली थांबली तरी ही थांबली नाही. तिने तो सूर धरला, फुलवला, आणि पडद्यामागच्या काचा झिणझिणल्या.

नवरा आपल्या खुर्चीतून उठला. आवाजाचं जे बटण तो रोज केसाकेसाने फिरवत असे, ते त्याने सरळ शून्यावर नेलं, आणि जागा मिळेल तिथे, दाराजवळ फरशीवर बसून तो ऐकू लागला.