पायरी क्रमांक तीन

नवा संगणक कामाला लावण्याच्या भावोजींच्या पुस्तिकेत एकेचाळीस पायऱ्या होत्या, आणि ती वाचून कोणी वर पोचल्याची नोंद नव्हती. एक जण नवव्या पायरीवरूनच राजीनामा देऊन गेला. दुसरा एकतिसावीपर्यंत चढला, मग त्याला दुसरीकडे नोकरी लागली. तिथे लिफ्ट असावी.

भावोजी खरं तर एकट्या वहिनींचे. त्यांच्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. पण वहिनी कामावर आल्या त्या दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "भावोजी, माझं टेबल कुठलं हो?" आणि दुपारपर्यंत ते अख्ख्या ऑफिसचे भावोजी झाले. त्याआधी त्यांना 'सर' म्हणत. हे नुकसान त्यांनी वहिनींच्या खात्यावर मांडून ठेवलं.

ऑफिस बारा माणसांचं. औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं छापणारा प्रोग्राम तिथे तयार होई. तीन वर्षांपूर्वी मालकांनी सगळ्या संगणकांवर लिनक्स ही मुक्त, बिनपैशाची प्रणाली आणली. 'मुक्त' हा शब्द त्यांना भाषणात आवडे आणि 'फुकट' हा मनातल्या मनात. मुक्त झालोच आहोत तर यंत्रानेही आपल्याशी मराठीत बोलावं, असा त्यांनी हुकूम काढला. भावोजींनी तो तत्काळ पुस्तिकेत घातला. पायरी क्रमांक तीन : यंत्राची भाषा मराठी निवडा. अभिमानाने निवडा. मालकांनी ते पान फ्रेम करून दाराशी लावलं.

वहिनी सहा वर्षांनी पुन्हा नोकरीला उभ्या राहिल्या होत्या, त्याही दोन आठवड्यांच्या बोलीवर. दुसऱ्या शुक्रवारी पाच वाजता स्वतःच्या संगणकावर लेबलांचा प्रोग्राम उभा करून मालकांसमोर चालवून दाखवायचा. चालला तर कायम, नाही तर नमस्कार. घरी त्यांनी ही अट सांगितली नव्हती. पण भावोजी वरच्याच मजल्यावर राहत, त्यामुळे घरी ती सगळ्यांना पाठ होती.

दुसरा बुधवार उजाडला तरी त्या एकतिसाव्या पायरीवरच होत्या. तिथे भावोजींनी लिहिलेली 'तयारी' नावाची स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला द्यायच्या हुकमांची यादी, चालवायची होती. लागणारी सगळी हत्यारं तीच आपोआप गोळा करणार होती. ती सुरू होई, चार ओळी बोले आणि आडवी पडे.

"भावोजी, एकतिसावीवर अडतंय."

"काय म्हणतंय?"

"अशी फाइल किंवा फोल्डर नाही, म्हणतंय."

"मग नसेल."

"अहो, तो फोल्डर तुमच्याच स्क्रिप्टने करायचा आहे."

"वहिनी, स्क्रिप्टला बोल लावू नका. तीन वर्षं झाली, माझ्याकडे एकदा अडली नाही." भावोजींनी खुर्ची वळवली. खुर्ची वळली की उत्तर संपलं असं समजायचं. "पुन्हा पहिल्यापासून करा. श्रद्धेने करा."

"पाच वेळा केलंय."

"मग सहावी."

सहावीही झाली. श्रद्धा वाढवून पाहिली, फोल्डर काही झाला नाही.

मग त्यांनी तो संदेश जसाच्या तसा इंटरनेटवर टाकला. या खड्ड्यात जगातले लाखो लोक पडून गेले असणार आणि बाहेरही आले असणार. पण ते सगळे पडताना इंग्रजीत ओरडले होते. मराठीत ओरडलेला एकच सापडला. प्रश्न दीड वर्षापूर्वीचा, उत्तर शून्य, आणि विचारणारा तोच, लिफ्टवाला.

गुरुवारी दुपारी वहिनी भावोजींचा पेनड्राइव्ह परत द्यायला गेल्या. भावोजी कॉफीला गेले होते आणि संगणक उघडा ठेवून गेले होते. स्वतःच्या पुस्तिकेत चौदाव्या पायरीवर त्यांनी याला गुन्हा म्हटलं होतं. वहिनींनी पेनड्राइव्ह ठेवला आणि पाहतच राहिल्या. मेनू इंग्रजी. फोल्डर इंग्रजी. कोपऱ्यातलं कॅलेंडरसुद्धा गुरुवारला 'थर्सडे' म्हणत होतं.

त्या परत येऊन बसल्या आणि पहिल्यांदाच पुस्तिका मिटून स्क्रिप्ट उघडली. दोनशे ओळी. अठ्ठ्याऐंशीव्या ओळीत मेख होती. स्क्रिप्ट यंत्राला विचारत होती, हत्यारांचा फोल्डर आहे का? उत्तरात 'नो सच फाइल' हे इंग्रजी शब्द दिसले, तरच ती नवा फोल्डर करी. वहिनींचं यंत्र अभिमानाने मराठीत 'नाही' म्हणत होतं. स्क्रिप्टला ते 'नाही' कळत नव्हतं. नकार ऐकू आला नाही म्हणजे होकार, असं समजून ती बिनधास्त आत पाऊल टाकी आणि तोंडावर आपटे. असा स्वभाव असलेली माणसं वहिनींनी पाहिली होती, पण यंत्रात पहिल्यांदाच.

त्यांनी स्क्रिप्टच्या डोक्यावर एक ओळ लिहिली : तू चालत आहेस तोवर यंत्राने इंग्रजीत उत्तरं द्यावीत. उरलेल्या पायऱ्या पाऊण तासात उरकल्या.

शुक्रवारी पाचला मालक आले. वहिनींनी कळ दाबली, प्रिंटरने खोकल्याच्या औषधाचं लेबल बाहेर सोडलं. मालकांनी ते उलटं धरून वाचलं आणि मान डोलावली.

"म्हटलं होतं ना, श्रद्धेने केलं की होतं," भावोजी म्हणाले.

"पण दहा दिवस?" मालकांनी लेबल सुलटं केलं. "प्रत्येक कामाला असे दहा दिवस लागणार असतील तर आपल्याला परवडायचं नाही, वहिनी."

"नवीन माणूस आहे, साहेब. हात जरा मंद आहे त्यांचा," भावोजी हसले. "पण मी आहे ना पाठीशी."

इथवर वहिनींचा गप्प राहायचा बेत होता. पुढे रोज एकाच जिन्याने चढायचं-उतरायचं होतं. पण 'मंद' हा शब्द आज संध्याकाळी वरच्या मजल्यावरून खाली येणार, हे त्यांना दिसलं.

"दहा दिवस पायरी तीनमुळे लागले," त्या म्हणाल्या.

मालक ताठ झाले. "मराठीमुळे?"

"मराठीमुळे नाही. भावोजींच्या स्क्रिप्टला फक्त इंग्रजी कळतं."

"मग भावोजींकडे कशी चालते?"

"त्यांनी पायरी तीन केलेलीच नाही."

मालक चालत भावोजींच्या टेबलापर्यंत गेले. कोपऱ्यात 'फ्रायडे' असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

"हे काय, भावोजी?"

"ते... टेस्टिंगसाठी ठेवलंय, साहेब."

"तीन वर्षं?"

कोणीतरी खोकलं. औषधाचं लेबल मालकांच्या हातात होतंच.

मालकांना नियमात दोष दिसला नाही, कारण नियम त्यांचा होता. त्यांनी जागच्या जागी तीन निर्णय दिले. वहिनी कायम. पुस्तिका आजपासून वहिनींकडे, त्या नवीन लिहितील. आणि भावोजींचा संगणक सोमवारी पुसून पुन्हा भरायचा, जुन्याच पुस्तिकेप्रमाणे, अभिमानाने.

सोमवारी दुपारपर्यंत भावोजी सातव्या पायरीवर होते. मग ते पेन मागायच्या निमित्ताने वहिनींच्या टेबलाशी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, इथे 'योग्य तो पर्याय निवडा' असं लिहिलंय. योग्य म्हणजे कोणता हो?"

"तुम्हीच लिहिलंत ना?"

"लिहिलं तेव्हा माहीत होता."

वहिनींनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. "बसा. सावकाश सांगते. मी आता इथेच आहे."